कमरेइतक्या खोलीवर

फोन आला तेव्हा मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो. धाकटा चुलतभाऊ बोलत होता. "अण्णा, जरा शेतावर येऊन जाता का? खाली काहीतरी लागलंय. मशीन थांबवून ठेवलंय." जेसीबीचं भाडं तासावर असतं. तरी त्याने मशीन थांबवलं, कारण आमच्या घरात इतिहास शिकलेला आणि शिकवलेला मी एकटाच. कर्जत तालुक्यातल्या शाळांमध्ये माझी तेहतीस वर्षं गेली.

मी गेलो. दोन खाचरं एक करायची म्हणून मधला बांध काढला होता आणि उंचवट्याची बाजू खाली घेणं चाललं होतं. कापलेल्या कडेत, कमरेइतक्या खोलीवर, राखट काळ्या मातीचा वीतभर जाडीचा पट्टा दिसत होता. त्यात तांबडी आणि काळी खापरं, थोडा कोळसा, आणि लोहाराच्या भट्टीखाली साचते तशी भोकाभोकांची जड मळी, दोन-तीन गोळे. मी एक खापर उचललं, अंगठ्याने पुसलं आणि टाकून दिलं. "कुणाचा तरी जुना उकिरडा आहे. चालू दे," म्हणालो. दहा मिनिटंही थांबलो नसेन. संध्याकाळपर्यंत ती माती डंपरने रस्त्याच्या भरावाला गेली.

त्या दिवशी मी जे मानत होतो तेच बोललो. आज तसं मानत नाही. मत का बदललं ते लिहून ठेवणं मला भाग आहे, कारण मी ते मत एकट्यापुरतं ठेवलं नव्हतं. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं होतं.

मत असं होतं की घाटाखालचा आमचा हा पट्टा, कर्जत आणि खालापूर, म्हणजे जाण्यायेण्याची वाट. कल्याणच्या खाडीत माल उतरायचा, उल्हासच्या काठाने वर यायचा, बोरघाट किंवा राजमाचीची वाट चढून देशावर जायचा. वाटेवर पहारा हवा म्हणून किल्ले आले. वाटेपासून दूर, रानात, विरक्त भिक्खूंनी लेणी खोदली. बाकी सगळं जंगल. प्राचीन शेती, प्राचीन कारागिरी हे सगळं वर देशावर.

ह्या मताला आधारही होता. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी इनामगावच्या वस्तू पाहिल्या होत्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात ते गाव उकरून काढलं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 एवढा त्याचा काळ. शंभराहून अधिक घरं, धान्याची पेवं, कुंभाराची भट्टी, दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यांत पुरलेली लहान मुलं, जळालेले सातू आणि गहू, नदीच्या पुराचं पाणी शेताकडे वळवणारा पाट. ज्यांच्याकडे लिपी नव्हती त्यांचं रोजचं जेवणसुद्धा डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी भारावून परतलो, आणि गाडी घाट उतरून पळसदरीला आली तेव्हा मनात एवढंच आलं की असलं काही आपल्याकडे नाही. पांढरीचं टेकाड नाही, म्हणजे जुनं गाव नाही. ते "म्हणजे" मी कधी तपासलं नाही.

दर डिसेंबरात मुलांना कोंडाण्याच्या लेण्यांना नेत असे. कोंडिवड्यापर्यंत गाडी, तिथून रानातून चढण. चैत्यगृहासमोर उभं राहून मी सांगायचो की इथे बौद्ध भिक्खू पावसाळ्यात राहत, संसार सोडून ध्यान करत, त्यांना गावाचा कोलाहल नको होता. मुलं वहीत लिहून घेत. मग डबे सोडायचो.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी माझं स्वतःचं खाचर पडीक राहिलं. वडिलांनी ठेवलेली तीस गुंठे जमीन. लावणीला जे गडी यायचे त्यांची मुलं खोपोलीच्या कारखान्यांत नाहीतर फार्महाऊसवर राखणीला लागली होती. माझ्या गुडघ्यांनी चिखलात उभं राहणं होत नव्हतं. पहिल्या वर्षी वाईट वाटलं, दुसऱ्या वर्षी कमी वाटलं, तिसऱ्या वर्षी जमिनीचा दलाल घरी येऊन चहा पिऊन गेला. त्याच महिन्यात एका वाचनालयातल्या व्याख्यानासाठी मी वा. वि. मिराशी यांचं सातवाहनांच्या कोरीव लेखांवरचं पुस्तक काढलं होतं. मला गौतमीपुत्राच्या लढाया हव्या होत्या. पानं उलटताना नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक लेख समोर आला.

गौतमीपुत्र सातकर्णीने राज्याच्या अठराव्या वर्षी तिथल्या भिक्खूंना कखडी गावात दोनशे निवर्तनं शेत दिलं होतं. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजाला आणि राजमातेला पुन्हा आज्ञा काढावी लागली. आम्ही दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या आमच्या शेतातली शंभर निवर्तनं द्यावीत, असा त्याचा आशय. मूळ प्राकृतात शब्द आहेत "न कसते" आणि "न वसति".

कसते. मी ते तीनदा वाचलं. कसेल त्याची जमीन म्हणतो त्यातला, माझ्या वडिलांच्या तोंडचा शब्द, सुमारे 1900 वर्षांपूर्वी दगडात कोरलेला. माझं खाचरही कसलं जात नव्हतं. दिग्विजयी म्हणून ज्याच्याबद्दल मी फळ्यावर लिहायचो, त्या राजाचं दान एका गोष्टीपाशी अडलं होतं: तिथे नांगर धरायला माणूस नव्हता. जमीन देणं राजाच्या हातात होतं. ती पिकवणं गावाच्या हातात होतं, आणि गाव आज्ञा काढून वसत नाही.

लढाया राहिल्या बाजूला. त्या पावसाळ्यात मी लेखच वाचत बसलो, आणि आजवर मी ज्यांवरून नजर फिरवून पुढे जात होतो ते शब्द एकेक करून दिसू लागले. नाशिकच्याच लेण्यात उषवदाताचा, नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. त्याने गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज. त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी पेन्सिल घेऊन हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा, दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही. म्हणजे कोष्ट्यांची श्रेणी राजाच्या जावयाची ठेव सांभाळण्याइतकी पक्की होती, आणि वर्षामागून वर्ष ते व्याज निघावं एवढं कापड मागांवर विणलं जात होतं. त्याच लेखात नारळाची आठ हजार झाडं दान दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांमध्ये धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. तिथेच बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. नाशिकला कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे. आमच्या रायगड जिल्ह्यातच, कुड्याच्या लेण्यांत, एक माळी दाता आहे आणि कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी महिक आहे.

लोखंडाचा व्यापारी वाचलं आणि डंपरमध्ये गेलेली मळी आठवली. पुस्तक मिटलं. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

लेणी म्हणजे संसारापासून दूर, हे मी कुठून आणलं होतं? कार्ल्याच्या भिक्खूंना उषवदाताने करजिक नावाचं अख्खं गाव दिलं. गौतमीपुत्राने मामालच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला आज्ञा पाठवून तेच पुढे चालू ठेवलं. भिक्खूंच्या जमिनीला लेखात "भिखुहल" म्हटलं आहे. हल म्हणजे नांगर. अशा जमिनीला ज्या सवलती मिळत त्यांत, राजाच्या माणसांनी आत शिरू नये याच्याबरोबर, इथे मिठासाठी खणू नये, अशीही एक होती. मीठ, नांगर, ठेव, व्याज. ज्या जागेला मी एकांत म्हणत होतो तिथली ही रोजची भाषा आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे कित्येक वर्षांपूर्वी सांगून गेले होते. लेणी व्यापाराच्या वाटांवर आहेत, विहारांकडे धान्य आणि भांडवल जमत होतं, आणि नांगराची शेती पसरवण्यात त्यांचा हात होता, असं त्यांचं म्हणणं. हा गणिती माणूस पुण्याला राहून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचा, डेक्कन क्वीनने. त्याच गाडीला पुण्याकडे जाताना कर्जतला मागून इंजिनं जोडतात आणि ती वडा खाण्याइतका वेळ थांबते. मी त्या फलाटावर आयुष्यभर उभा राहिलो आहे. त्यांचं नाव मला ठाऊक होतं. त्यांचं पुस्तक मी साठी उलटल्यावर वाचलं.

मग एकटाच कोंडाण्याला गेलो. पावसाळा नुकताच सरला होता. लेण्याच्या कपाळावरून कोसळणारा धबधबा आता दोरीएवढा राहिला होता. मी चैत्यगृहाच्या दर्शनी भागासमोर बसलो आणि पहिल्यांदाच तो सुताराच्या नजरेने पाहिला. दगडात कोरलेल्या तुळया, तुळयांची बाहेर आलेली टोकं, जाळीच्या खिडक्या, सज्जे, कठडे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या पाथरवटाने लाकडी इमारतीचा सांधा न् सांधा कातळात उतरवला आहे. समोर नमुना होता म्हणूनच त्याला तो उतरवता आला. म्हणजे या दरीच्या आसपास सागाच्या मजबूत इमारती होत्या, त्या जोडणारे सुतार होते, त्यांना पटाशी आणि वाकस करून देणारा, पाथरवटाच्या छिन्नीला रोज धार लावणारा लोहार होता. कातळ फोडताना छिन्नी किती लवकर बोथट होते ते कुणाही वडाराला विचारा. लेणं खोदणं चालू होतं तितकी वर्षं इथे भट्टी पेटती असणार. कोळसा लागत असणार. आणि ह्या सगळ्या माणसांना दोन वेळ भात.

डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीचा वरचा भाग उरला आहे. तिथे एक ओळ आहे: कण्हाच्या, म्हणजे कृष्णाच्या, शिष्याने, बालकाने केलं. मुलांना ही ओळ मी दरवर्षी दाखवत असे, "इथला शिलालेख" म्हणून. लेख वाचत आलेल्या माणसाला मात्र ती वेगळी वाटते. इतर लेण्यांत देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात, ह्याने हे दिलं, तिने ते दिलं. इथे "केलं" आहे. हाताने काम करणारा आपलं आणि आपल्याला शिकवणाऱ्याचं नाव लिहून गेला आहे. गुरू-शिष्य म्हटलं की मी ध्यानधारणेचे समजायचो. त्यात छिन्नी धरायला शिकवणाराही येतो, हे मला, जन्मभर शिक्षक असलेल्याला, सुचलं नाही.

ही माणसं राहत कुठे, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर माझ्या आजोबांच्या घरात होतं. ते घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा, वर भाताचा पेंढा. वरच्या ठाकूरवाड्यांवर अशी घरं मी नोकरीत असेपर्यंत पाहिली. असं घर सोडून दिलं की दोन-तीन पावसाळ्यांत काठ्या कुजतात, माती वाहून जाते, चौथ्या वर्षी तिथे टाकळा माजतो. देशावर पांढऱ्या मातीच्या भिंती ढासळून एकावर एक बसतात आणि टेकाड होतं. इथे उतार, मुसळधार पाऊस आणि दरवर्षी नव्याने चिखल होणारं भाताचं शेत. टेकाड व्हायला जागाच नाही. खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हा ह्या मातीची दुसरी तऱ्हाही आम्ही पाहिली. नांदती वाडी एका रात्रीत गाडली गेली. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. इथे खुणा दिसत नाहीत याचा अर्थ इथे माणसं नव्हती, असं म्हणायला त्यानंतर माझी जीभ रेटत नाही.

आणि खुणा तरी कोणत्या शोधत होतो मी? भाताचं खाचर म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. उतारावरची माती अडवायची, बांध घालायचा, तो ताशीव हवा, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात सांडणीने उतरायला हवं आणि कुठे तुंबता कामा नये. हे एका माणसाचं किंवा एका पिढीचं काम नव्हे. चैत्र-वैशाखात ऐनाचा टहाळ, शेण, पातेरा आणि वर मातीचा थर देऊन राब भाजायचा, त्या राखेत बी पेरायचं, रोपांच्या मुठी बांधून आवणी करायची. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा ह्या राबाच्या टहाळावरून इतका असंतोष झाला की 1885 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. सरकारला हे जंगलाचं नुकसान वाटलं, शेतकऱ्याला त्याशिवाय भात उगवेना. माझी आजी राब भाजताना वाऱ्याची दिशा पाहून कुठल्या कोपऱ्याला आग द्यायची ते सांगायची. ते कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही म्हणून मी ते इतिहासात धरलं नाही, मग इनामगावचं तरी कुठे लिहिलेलं होतं? आमच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-3, कर्जत-7 अशी वाणं दिली, भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात होऊ लागला, हे मी अभिमानाने सांगायचो. त्यामागच्या बांधाबद्दल कधी एक तास घेतला नाही.

एक स्पष्ट करायला हवं. आमची खाचरं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, असं मी म्हणत नाही. बांध पाहून त्याचं वय ठरत नाही. ते ठरतं त्याच्याखाली काय सापडतं त्यावरून, कोळशावरून, खापरावरून, आणि ते किती खोलीवर, कशाच्या शेजारी होतं यावरून. इनामगावात माणसं काय पिकवत आणि काय खात ते कळलं ते राजाच्या महालातून नव्हे. खड्ड्यांतून, चुलींतून, राखेतून, टाकलेल्या हाडांतून कळलं. उकिरड्यातून. मी ज्या शब्दाने जेसीबी चालू करायला सांगितला, नेमकं त्याच शब्दातून.

आता दर महिन्याला कुठे ना कुठे शेत सपाट होतं. कर्जत ते मुरबाड, चौक ते खालापूर, प्लॉटिंगचे बोर्ड लागले आहेत. शेतकऱ्याने जमीन विकू नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझीच विकायला निघाली होती. दलालाला मी नाही कळवलं. पुढच्या आषाढात खालच्या वाडीवरच्या एका कुटुंबाला जमीन अर्धेलीने दिली. ती कसली जाते आहे. पण मशीन लागण्याआधी कडेला उभं राहून पाहणारा एक माणूस हवा, आणि गावात तो शाळेचा मास्तरच असतो. मी होतो. मला बोलावलंही होतं.

गेल्या दिवाळीत चुलतभावाकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. माझी चूक झाली म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, तेव्हा तुम्ही गेलात, पण मला काही बरं वाटलं नव्हतं. राख बघून वाटलं, कोणीतरी इथं बसून काम केलंय." उठून मागच्या दारी गेला आणि मळीचा एक गोळा घेऊन आला. भाताच्या उडवीवर ताडपत्री घालतात, ती वाऱ्याने उडू नये म्हणून चार धोंडे ठेवतात, त्यांतला एक म्हणून तो तीन पावसाळे तिथे होता. हातात घेतला. वीटभर आकार, पण वजन दगडापेक्षा जास्त. एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या तुकड्याचा ठसा, लाकडाच्या रेषांसकट.

मी पिशवीतून कागद काढला. शेताचं नाव लिहिलं, गट नंबर लिहिला, बांधाची दिशा लिहिली. खोली किती होती विचारलं. त्याने उभं राहून हात कमरेला लावला. मग जरा विचार करून हात खाली, मांडीपर्यंत नेला.

"इथं," म्हणाला. "नाही, थांबा. मशीन तेव्हा खालच्या बाजूला होतं."

मी दोन्ही मापं लिहून घेतली.